नापास झालेलं अंडं

कुणाचे आभार मानायची वेळ आपल्यावर येऊ नये, या बाबतीत नेमकेराव फार जपून असत. शेजारून वाटीभर साखर आणली तर परत करताना वाटी काठोकाठ भरायची, वरून सुरीने सपाट करायची आणि मग द्यायची, म्हणजे व्यवहार पुरा झाला आणि आभाराची भानगड उरली नाही. असा हा माणूस हल्ली जिन्यात जो भेटेल त्याला अडवून "तुमचे फार उपकार झाले हो" म्हणत सुटला आहे. लोक बिचकून लिफ्टने जायला लागलेत. हे सगळं झालं सापाच्या एका अंड्यामुळे, आणि तेही टाकून दिलेल्या.

नेमकेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, वजन खरं निघालं तर शिक्का मारायचा, खोटं निघालं तर जप्त करायचं, हे त्यांचं काम. "नेमकं बोला" हे वाक्य दिवसातून इतक्यांदा त्यांच्या तोंडून निघे की नाव आपोआपच पडलं. त्यांची बायको तर सांगते की बघायला आले तेव्हा तिने "हो" म्हटल्यावर "नेमकं कशाला हो?" असं त्यांनी विचारलं होतं. ती वाचनालयात काम करते आणि हळू आवाजात बोलते, त्यामुळे तिचं बोलणं जरा जास्तच लागतं.

आता या घरात साप कुठून आला? तर लेकीमुळे. लेकीने कॉलेजात असताना अजगराच्या जातीतली एक आखूड, जाडजूड मादी पाळली होती. तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके, स्वभाव गरीब, आणि घाबरली की पळायचं सोडून स्वतःचाच चेंडू करून मधे डोकं लपवून बसायची. पुढे लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या घरमालकाला पोपटसुद्धा चालत नव्हता. "बाबा, थोडे दिवस ठेवा ना," म्हणाली. त्याला बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात सापाला 'बाईसाहेब' हे नाव पडलं आणि नेमकेराव रोज ऑफिसातून आल्यावर आधी बाईसाहेबांच्या काचेच्या पेटीतलं तापमान बघून मग बूट काढू लागले.

या घरात थोडे दिवस म्हणून जे येतं ते जात नाही, हे इथेच सांगून ठेवतो. कारण अक्कासुद्धा थोडे दिवस म्हणूनच आल्या होत्या. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. यजमान गेल्यावर चार दिवस जिवाला विरंगुळा म्हणून आल्या आणि मागची खोली त्यांची झाली. त्यांना दोन नाद होते. एक म्हणजे स्वच्छता. ओलं फडकं हातात नसलेल्या अक्का कुणी पाहिलेल्या नाहीत. दुसरा नाद म्हणजे कुठलीही वस्तू टाकायची नाही. रिकाम्या बरण्या, सुतळीचे तुकडे, औषधाच्या बाटल्यांची बुचं, सगळं जपून ठेवलेलं. रद्दीचा कागदसुद्धा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्या घडी करून ठेवत नसत. बाईसाहेबांशी मात्र त्यांनी कधी ओळख वाढवली नाही. फ्रीजरमध्ये 'उघडू नये' असं लिहिलेला डबा त्यांनी एकदा पुसायला म्हणून उघडला, आत गोठवलेले उंदीर निघाले, तेव्हापासून त्या फ्रीजर पुसायच्याही बाहेरून.

तर झालं असं की जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना तपासून सांगितलं, "तब्येत उत्तम आहे. पिल्लं घ्यायला काहीच हरकत नाही. माझ्याकडे एक चांगला नर आहे, पाठवू का?" नेमकेरावांनी लेकीला फोन केला. लेक आनंदाने किंचाळली आणि मग म्हणाली, "पण बाबा, तुम्हाला जमेल?"

तेवढ्यावरच सगळं ठरलं. जमेल का म्हणजे काय? ज्या माणसाच्या सहीशिवाय गावातला एक तराजू हलत नाही, त्याला चार अंडी उबवता येणार नाहीत?

नर आला, त्याला अर्थातच 'जावई' म्हणू लागले. जावई आले, राहिले, आणि जेवायला मात्र तयार नाहीत. नेमकेराव चिमट्यात उंदीर धरून विनवण्या करताहेत आणि जावई तोंड फिरवून बसलेत, हे दृश्य बघून अक्का दारातूनच म्हणाल्या, "मानपान राहिला असेल काहीतरी, भावोजी. आठवून बघा." असो. जावयांनी आपलं कर्तव्य केलं आणि उपाशीपोटी परत गेले.

मग सुरू झालं कार्यालय. परदेशी जातीचे प्राणी घरात वाढवायचे तर त्यांची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी एक कार्यालय आहे. नेमकेराव ऐटीत गेले. आपणही सरकारी माणूस, दोन मिनिटांचं काम. पण खिडकीच्या आत बसायची सवय असलेल्या माणसाला खिडकीच्या बाहेर उभं राहावं लागलं की त्याचं निम्मं तेज तिथेच जातं. आतल्या मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अंडी किती होणार?"

"ते आत्ताच कसं सांगणार?"

"नेमकं सांगा," मॅडम म्हणाल्या.

उभ्या जन्मात त्यांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. ते निमूटपणे बाजूला झाले, अर्ज घेतला, नियमांची पुस्तिका घेतली आणि घरी येऊन ती टेबलावर आपटली. अक्कांनी ती लगेच उचलली, पुसली आणि वाचायला घेतली.

यथावकाश बाईसाहेबांनी पाच अंडी घातली. लांबट, पांढरी, चामड्यासारखी मऊ. त्यांना वेटोळं घालून त्या अशा बसल्या की नेमकेरावांना एकेक वळण सोडवताना घाम फुटला. "सॉरी हं बाईसाहेब, माफ करा हं," असं ते पुटपुटत होते. स्वतःच्या बायकोची त्यांनी इतक्यांदा माफी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं आणि तिने तसं हळू आवाजात सांगितलंही. जुन्या बर्फाच्या पेटीत तारेचा हीटर बसवून, खाली ओलसर भुसभुशीत माती घालून उबवणीची पेटी तयार होतीच. पेटीत ठेवण्याआधी नेमकेरावांनी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ मारली. सापाच्या अंड्याचं असं असतं की वरची बाजू शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू गुदमरतं. रेघ वर दिसली की समजायचं, सगळं ठीक आहे.

हे समोरच्या काकूंना मान्य नव्हतं. काकूंच्या माहेरी कोंबड्या होत्या, त्यामुळे अंडं या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा. "अहो, रोज फिरवायला पाहिजेत! न फिरवता कधी अंडं उबतं का? पिल्लू एका अंगावर झोपून झोपून अवघडेल ना!" रोज सकाळी दूध घेताना काकू विचारायच्या, "फिरवलीत?" नेमकेराव म्हणायचे, "नाही." काकू सुस्कारा टाकायच्या. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आक्षेपकाकांनी तर लेखी कळवलं की उबवणीच्या पेटीमुळे इमारतीचं एकंदर तापमान वाढलं आहे. काका लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या कामात आक्षेप काढण्यात जन्म गेला, आता सवय सुटत नव्हती. नेमकेरावांनी त्यांना इमारतीच्या पाच जागी मोजलेलं तापमान लेखी पाठवलं. काकांनी थर्मामीटरवर आक्षेप घेतला.

एवढं सगळं निभावलं असतं. पण एका संध्याकाळी नेमकेरावांनी पेटीचं झाकण उघडलं आणि बघतात तर काय! पाचांपैकी चार अंड्यांवरची रेघ गायब! अंडी पांढरीशुभ्र, चकचकीत.

"कुणी हात लावला?"

अक्का फडकं घेऊनच पुढे आल्या. "मी पुसली. कुणीतरी पेन्सिलीने रेघोट्या मारून ठेवल्या होत्या त्यांच्यावर. एकाची राहिली वाटतं, फोन वाजला तेव्हा."

"फिरवलीत तुम्ही ती? उलटी केलीत?"

"मी कशाला फिरवू? मला हातात घ्यायची शिसारी येते. जागच्या जागी, वरच्यावर पुसली."

म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला काही बिघडलं नाही हे कळलं की त्याला जास्तच राग येतो. नेमकेराव ओरडले, "घरात जास्तीचं माणूस असलं की हे असंच व्हायचं!"

बायको हातातलं पुस्तक मिटून उभी राहिली. अक्कांनी फडक्याची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा नीट घडी केली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबते. हिला एकटीला झेपायचं नाही. मग मी पुतण्याकडे जाते."

पुतण्याकडे म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुतण्या वाईट नव्हता. पण त्याचा प्लास्टिकच्या बादल्यांचा धंदा होता, घरात मालच माल, आणि अक्का गेल्या की त्यांची खाट बादल्यांच्या दोन उतरंडींच्या मधे पडायची. एकदा गेल्या होत्या तर रात्री कूस बदलताना बादल्या अंगावर आल्या होत्या. नेमकेरावांच्या घशाशी 'चुकलं माझं' आलं होतं. पण त्यांच्या खात्यात एकदा मारलेला शिक्का खोडायची पद्धत नाही. ते पेटीचं झाकण लावून निघून गेले, आणि बायको त्यांच्याशी त्या दिवसापासून फक्त भाजी संपल्याचं आणि दिवा बंद करण्याचं बोलू लागली.

मनात सल असला की नेमकेरावांना काहीतरी मोजावंसं वाटतं. त्यांनी ऑफिसातली मोजायची अवजारं आणली आणि अंडी मोजायला घेतली, अर्थात जागच्या जागी. चार अंडी एका मापाची. पाचवं, तेच ज्याच्यावर रेघ राहिली होती, बाकीच्यांपेक्षा फुगीर, एका बाजूला कललेलं आणि मधे खोलगट दबलेलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "असू द्या हो, बुरशी नाही ना? वाट बघू." पण नेमकेरावांना पटेना. मोठं असणं हासुद्धा दोषच. किलोच्या जागी सव्वा किलोचं वजन ठेवणारा दुकानदारही त्यांच्या लेखी दोषीच होता. खराब अंड्याने बाकीची चार नासली तर? त्यांनी ते मोठ्या चमच्याने अलगद उचललं, टाकायची वस्तूही सरळ धरायची त्यांना सवय, आणि वाटीत घालून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं.

"हे नापास झालंय," भिंतीकडे बघत ते म्हणाले. "टाकून द्यायचं आहे."

अक्का भांडी पुसत होत्या. "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्यालयात जाऊन लेखी दिलं: अंडी चार, एक वाया. मॅडमनी शिक्का मारला. नेमकेरावांना शिक्क्याचा आवाज ऐकून बरं वाटलं.

मग एका दुपारी वीज गेली. नुसती गेली नाही, पार गेली. कुठेतरी केबल जळाली होती आणि कधी येईल ते कुणी सांगेना. पेटीचा काटा खाली सरकू लागला तसे नेमकेराव पेटीभोवती येरझारा घालू लागले. त्यांनी कुणालाही हाक मारली नाही. बायकोने मात्र जिन्यात जाऊन नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात एकदाच सांगितलं, "अहो, आमची अंडी गार पडताहेत!" आणि इमारत लोटली. काकूंनी गॅसवर पाण्याचं भलंमोठं पातेलं चढवलं. कुणी बाटल्या आणल्या, कुणी गोधड्या. आक्षेपकाका कमरेची शेकायची रबरी पिशवी घेऊन धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "माझा आक्षेप कायम आहे, हे आधी सांगतो. ही घ्या पिशवी." अक्का गरम पाणी बाटल्यांत ओतत होत्या. एक बाटली टॉवेलात गुंडाळून त्या आपल्या खोलीकडे घेऊन गेल्या.

"तुम्हाला कशाला?" काकूंनी विचारलं.

"कंबर धरलीय," अक्का म्हणाल्या.

अंधार पडायच्या आत वीज आली. अंडी वाचली. सगळे नेमकेरावांकडे बघत उभे होते. नेमकेरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ज्यांच्या त्यांच्या बाटल्या उद्या धुऊन परत मिळतील." काकूंनी सुस्कारा टाकला. लोक गेले. त्या दिवशी आपण काहीतरी गिळलं आणि ते खाली उतरलं नाही, असं नेमकेराव आता सांगतात.

पुढे एका सकाळी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि त्यातून वाटाण्याएवढं नाक बाहेर आलं. नाकाने जरा जगाचा अंदाज घेतला आणि ते आत गेलं. नेमकेराव ऑफिसला गेलेच नाहीत. चारही अंड्यांतून चार पिल्लं एकामागून एक ओली, चकचकीत, डोळे टक्क उघडे ठेवून बाहेर आली. लेकीला व्हिडिओवर दाखवली तेव्हा ती रडली. "बाबा, जमलं तुम्हाला!" नेमकेरावांनी या क्षणाची किती वाट बघितली होती. आणि तो आला तेव्हा त्यांची नजर मागच्या खोलीच्या दाराशी ठेवलेल्या अक्कांच्या बॅगेवर होती. पिल्लं बाहेर पडली म्हणजे अक्का निघाल्या.

पण अक्का निघेनात. पुतण्याने फोन केला तर म्हणाल्या, "कपाट आवरायचंय, मग ये." कपाट आवरलं. मग म्हणाल्या, पडदे धुवायचेत. पडदे वाळले. मग इस्त्री राहिली होती. नेमकेराव मनात म्हणत, रागावल्यात अजून, माझ्या तोंडून ऐकायचंय. आणि तोंड उघडत नव्हतं. बायको ही सगळी गंमत बघत होती.

तिसऱ्या सबबीनंतर मागच्या खोलीतून हाक आली. "भावोजी! अहो भावोजी, इकडे या, धावा!"

अक्का भिंतीतल्या कपाटासमोर जमिनीवर बसल्या होत्या. या कपाटात गरम पाण्याची टाकी होती आणि टाकीला लागून अक्का लोकरीचे कपडे ठेवत, कारण तिथे कायम ऊब असे. लोकरीच्या कपड्यांच्या मधे लोणच्याची रिकामी बरणी होती, बरणीत पेटीतून उरलेली ओलसर माती, आणि मातीवर ते नापास अंडं. वर पेन्सिलीची रेघ तशीच.

"ही मात्र पुसली नाही हो," अक्का घाईघाईने म्हणाल्या. "जशी तुम्ही ठेवलीत तशीच चमच्याने उचलली. टाकवेना मला. दिसायला वाकडं आहे म्हणून काय झालं, धड तर होतं. वीज गेली तेव्हा पाण्याची बाटली ठेवली जवळ. बघा ना, हे काय झालंय त्याला!"

अंड्याला चीर पडली होती. चिरेतून नाक बाहेर आलं होतं. आणि त्या नाकाशेजारी आणखी एक नाक होतं.

"दोन तोंडांचा!" काकू मागून ओरडल्या. काकू कुठून आल्या ते कुणी विचारलं नाही. दोन मिनिटांत आक्षेपकाकाही हजर. दोन तोंडांचा साप इमारतीच्या नियमांत एक धरायचा की दोन, हा त्यांना तातडीचा प्रश्न वाटत होता. नेमकेरावांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "ओढू नका," त्या म्हणाल्या. "कुणीही हात लावू नका. आपणहून येऊ द्या. जुळी असतील. फार क्वचित होतं असं."

जुळी! म्हणून ते अंडं मोठं होतं, म्हणून कललेलं होतं. आत दोघं एकमेकांना सांभाळून बसले होते आणि हे बाहेरून मोजून नापास करत होते. नेमकेराव अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसले. दिवसभर ते तिथून उठले नाहीत. बायकोने चहा तिथेच आणून दिला. दुपारी थोरलं बाहेर आलं, पेन्सिलीएवढं बारीक. धाकटं आतच राहिलं. नाक बाहेर काढायचं, परत आत ओढायचं. संध्याकाळ झाली तशी काकूंनी शंका काढली, "अडकलं तर नसेल?" नेमकेरावांचा हात आपोआप पुढे झाला. अक्कांनी तो हळूच धरला.

"धाकटं आहे हो. त्याला घाई करू नये."

दिवे लागल्यावर ते बाहेर आलं. इतकं लहान की बुटाच्या नाडीत आणि त्याच्यात फरक करणं कठीण. त्याने चेंडू करून बसायचा प्रयत्न केला, पण चेंडू व्हायला लांबी पुरेना, आणि मग ते थोरल्याच्या अंगावर डोकं ठेवून स्वस्थ पडलं. अक्का फडक्याने डोळे पुसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं आणि बाहेरच्या खोलीत हलक्या आवाजात म्हणाल्या, "थोरलं ठीक आहे. धाकट्याचं सांगता येत नाही. जिथे आहे तिथेच ठेवा, अजिबात हलवू नका, आणि ज्यांनी आतापर्यंत बघितलंय त्यांनीच बघा."

पण नोंद तर करायलाच हवी. मॅडमनी फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ज्यांनी अंडं ठेवलं त्यांना घेऊन या." अक्कांनी प्रवासाचे कपडे घातले आणि बॅग बरोबर घेतली. "पुतण्याला तिथेच बोलावलंय," म्हणाल्या. "किती दिवस टाळणार? पिल्लांचं हिला समजावून सांगितलंय सगळं." बायकोने नवऱ्याकडे नुसतं बघितलं, आणि वाचनालयात आवाज करणाऱ्यांकडे ती जशी बघते तशी नजर होती ती.

कार्यालयात मॅडमनी कागद पुढे ओढला. "चार अंडी, चार साप. नोंद बरोबर आहे. हे दोन कुठले?"

"वाया गेलेल्या अंड्यातले," नेमकेराव म्हणाले.

"वाया गेलेल्या अंड्यातून काही निघत नाही. निघालं तर ते वाया गेलेलं नाही. आणि एकातून दोन निघाले तर..." मॅडमनी रकान्यांकडे बघितलं. रकान्यांकडे याचं उत्तर नव्हतं. "हे दोन जास्तीचे होतात. जास्तीचे आमच्या केंद्रात जमा करावे लागतील."

अक्कांनी बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "बाई, त्याला हलवायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. धाकटं जगायचं नाही हो."

"नियम आहे. जास्तीचे..."

जास्तीचे. हा शब्द कुठे ऐकला, कुणाच्या तोंडून ऐकला, ते नेमकेरावांना लख्ख आठवलं. तो शब्द खिडकीच्या आतल्या बाजूने किती सोपा वाटतो आणि बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की कसा लागतो, हेही त्यांना तिथे उभ्याउभ्या समजलं.

"जास्तीचं कुणीच नाही, मॅडम," ते म्हणाले. "नोंद चुकली आहे. मी चुकीचं मोजलं."

"तुम्ही वजनमापे कार्यालयात ना?"

"हो. म्हणूनच लिहून देतो." त्यांनी कागद ओढून घेतला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: अंडी पाच होती. पाचवं चांगलं होतं. चूक मोजणाऱ्याची. खाली सही केली. सही करताना त्यांचे कान तापले होते, पण सही नेहमीसारखीच आली.

मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग नवा कागद घेतला. "या दोघांचा सांभाळ कुणाकडे?"

"या आमच्या अक्का. यांच्याकडे."

"पत्ता?"

अक्का पुतण्याचा पत्ता सांगायला लागल्या. "आमचाच पत्ता लिहा," नेमकेराव मधेच म्हणाले. मग अक्कांकडे न बघता, खात्याच्या आवाजात बोलले, "अक्का, एक नियम आहे. ज्याच्या नावावर प्राणी लागतो, त्याला प्राणी असेतोवर पत्ता बदलता येत नाही."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. असा नियम नव्हता, आणि तो नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, नेमकेरावांचे लाल कान बघितले, अक्कांच्या पायाशी ठेवलेली बॅग बघितली, आणि तोंड मिटलं. मग जोरात शिक्का मारला.

"किती वर्षं जगतात हो हे साप?" अक्कांनी विचारलं.

"तीस वर्षं सहज," मॅडम म्हणाल्या.

"अगं बाई!" अक्का मटकन बसल्या.

पुतण्याला कार्यालयाच्या दारातच सांगितलं की अक्का येत नाहीत. त्याने बॅग उचलून घरापर्यंत आणून दिली आणि जाताना दोन बादल्या भेट दिल्या.

घरी आल्यावर बायकोने हळू आवाजात विचारलं, "असा नियम आहे?" नेमकेराव बूट काढण्यात गुंतले होते. ते बराच वेळ एकच नाडी सोडत होते. जन्मभर खोटं वजन पकडणाऱ्या माणसाने आज पहिलं खोटं वजन ठेवलं होतं, आणि त्याला ते पचत नव्हतं, पण टाकवतही नव्हतं.

आतून अक्का बॅग रिकामी करत होत्या. कपाटाशी वाकून त्यांनी बरणीत डोकावलं, धाकटं थोरल्याला बिलगून झोपलं होतं, आणि मग त्या दारात आल्या.

"भावोजी, ती नियमांची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीय."

नेमकेरावांच्या हातातून बूट पडला.

"पण नियम म्हणजे नियम," अक्का म्हणाल्या. "पाळायलाच पाहिजे."

नेमकेराव उभे राहिले. एक पाय बुटात, एक पाय मोज्यात. तो वीज गेल्या दिवशी गिळलेला घास, त्याआधीचं 'चुकलं माझं', सगळं एकदमच वर आलं.

"अक्का," ते म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत हो."

अक्कांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि दाराची कडी पुसायला घेतली.

"नेमकं कशाबद्दल?"

नेमकेरावांनी विचार केला. अंड्याबद्दल म्हणावं तर तेवढंच नव्हतं. बाटलीबद्दल, हात धरल्याबद्दल, थांबल्याबद्दल, इतक्या वर्षांच्या पुसलेल्या कड्यांबद्दल... त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

"नेमकं नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"मग राहू द्या," अक्का म्हणाल्या. "आणि ते उंदीर कसे भरवायचे ते दाखवा मला. फ्रीजर मीच उघडीन."